तळघरातली काळी वाइन

मित्रांनो, आज मी रिकामी बाटली आहे. पण बावीस वर्षं माझ्या पोटात आमच्या मादिराँ गावची तांबडी वाइन होती. म्हणायची तांबडी, दिसायची शाईसारखी. आमच्याकडच्या तान्ना द्राक्षाची साल जाड आणि अशी तुरट, की एका घोटात हिरड्या आवळून येतात.

ती वाइन माइलिसनं केली होती. त्या वर्षी तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून वडिलांनी, आन्सेल्मनं, पहिल्यांदाच सगळा हंगाम लेकीवर सोपवला. तिनं साली रसात नेहमीपेक्षा दहा दिवस जास्त ठेवल्या. दोन वर्षांनी मला भरून बूच मारलं, तेव्हा तिनं मला तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांत धरलं होतं. ते पाहायला आई राहिली नव्हती.

मग बोर्दो शहरातून वाइनचा एक व्यापारी आला. वार शुक्रवार, आमच्यात त्या दिवशी मटण-कोंबडी वर्ज्य, म्हणून आन्सेल्मनं मासे करायला लावले. व्यापाऱ्यानं घास खाल्ला, वर घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"लोखंड चाटल्यासारखं लागतंय हो."

आन्सेल्म लाजेनं लाल झाला. पाहुण्यासमोरच लेकीला म्हणाला, "ही वाइन नाही, चामडं कमावायचं पाणी आहे!"

"बाबा, हिच्याबरोबर मासे कुणी खातं का?"

"तू मला शिकवू नकोस."

त्याच आठवड्यात माइलिस तुलूजला निघून गेली. तिची वाइन दुसऱ्या पिंपांत मिसळून संपवली गेली. मी तेवढी उरले, तळघरात सगळ्यात खालच्या फळीवर. मित्रांनो, जी गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती, ती सांगते. दर वर्षी लेकीच्या वाढदिवसाला आन्सेल्म खाली यायचा, बाहीनं माझ्यावरची धूळ पुसायचा आणि वर जायचा. फोन मात्र त्यानं कधी केला नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास आणि चव घेऊन गेला. आयुष्यभर पेला नाकाशी धरून जगलेला माणूस. त्यानं खाणंच सोडलं. शेवटी बदकं पाळणाऱ्या शेजारणीनं, फर्नांदनं, माइलिसला कळवलं, "अगं, तुझा बाप कोटात मावत नव्हता, आता कोटात सापडत नाही. ये लवकर."

ती आली. सूप केलं, अंडी केली, दुधाची खीर केली. तो एकच म्हणायचा, "भुसा आहे. ने."

चौथ्या दिवशी फर्नांद बदकाच्या तंगड्या घेऊन आली, त्याच्याच चरबीत शिजवून मुरवलेल्या. माइलिसनं त्या कातडी कुरकुरीत होईतो परतल्या, सोबत लसूण घालून पांढरा घेवडा शिजवला आणि वाइन आणायला तळघरात उतरली. सगळ्या बाटल्यांवर बोटभर धूळ होती. माझ्यावर नव्हती. माझ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तिचंच अक्षर होतं. ती मला मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

वर येऊन तिनं माझं बूच काढलं.

"मला काय कळणार आहे?" आन्सेल्म म्हणाला.

"एक घास, एक घोट. मग नाही म्हणा."

त्यानं चरबीनं माखलेला घास गिळला. घोट घेतला. जीभ हिरड्यांवरून फिरवली.

"हिरड्या धरल्या हिनं."

पुन्हा घास. तुरटपणा विरघळला, तोंड मऊ झालं. पुन्हा घोट, पुन्हा ती पकड. चव गेली होती, मित्रांनो, पण स्पर्श शाबूत होता. दुसरी तंगडी त्यानं स्वतःच ओढून घेतली.

"त्या दिवशी मासे मी करायला लावले होते," तो ताटाकडे बघत म्हणाला. "वाइनची चूक नव्हती. तुझीही नव्हती."

"गार होतंय बाबा, जेवा," माइलिस म्हणाली आणि तिनं त्याचा पेला पुन्हा भरला.

वास त्याला परत आलाच नाही. पण तो जेवू लागला आणि माइलिस मळ्यावरच राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस ताट सरकवत असेल, तर रागावू नका. त्याचं काय काय गेलं, ते त्याला ठाऊक असतं. काय उरलंय, ते तुम्ही शोधा आणि त्याच्या ताटात तेच वाढा.