बॉनेटचा पोचा

विमा कंपनीच्या सर्व्हेअर आशुतोषने टेप काढून बॉनेटवरचा पोचा आधी लांबीत मोजला, मग रुंदीत, मग खोलीत. छाटणीला चढलेला धर्मराज सकाळी नऊला गुलमोहरावरून या बॉनेटवर पडला होता. साडेअकराला गाडीची तपासणी सुरूही झाली. धर्मराज तेव्हा अजून एक्स-रेच्या रांगेत होता. गाडीला रांग नव्हती.

बाबासो पाटोळे झाडाला टेकून बघत होते. साताऱ्याहून येऊन बत्तीस वर्षं ते नेरूळच्या सोसायट्यांतली झाडं छाटत होते. त्यांचे विमे दोन. एक लोकांच्या गाड्या-काचांचा. त्याचा कागद दाखवल्याशिवाय कुठलीच सोसायटी कोयतासुद्धा आत नेऊ देत नाही. दुसरा स्वतःच्या माणसांचा. तो आहे का, हे आजवर एकाही सेक्रेटरीने विचारलं नव्हतं.

इथले सेक्रेटरी दिलीपराव. गाडीही त्यांचीच. छाटणीसाठी गाड्या हलवायची नोटीस त्यांच्या सहीची होती. सगळ्यांनी ती पाळली, सही करणारा सोडून.

"टेन्शन घेऊ नका, बाबासो," दिलीपराव म्हणाले. "फांदी पडली असं लिहा. आजच्या आज क्लेम पास."

"फांदी तर वर लटकलीया, सायेब."

सगळ्यांनी मान वर केली. सर्व्हेअर येईपर्यंत काही हलवू नका, असा निरोप होता, म्हणून दोराने धरलेली फांदी गाडीच्या बाजूला तशीच अधांतरी होती. दिलीपराव हळूच दोन पावलं मागं सरकले.

"तुमच्या गाडीवर पडू नये म्हणून तर त्यो पार शेंड्याला गेला, दोर बांधाया. फांदी बेचक्यात मोडली. ती दोरात ऱ्हायली, ह्यो खाली आला."

आशुतोष पोरगा वाईट नव्हता. त्याने आवाज खाली आणला. "काका, फांदी लिहिलं तर फोटो लावतो, विषय संपला. माणूस लिहिलं तर चौकशी. कमरेला पट्टा होता का, कशाला बांधला होता. सगळंच अडकेल."

"आन् धर्मराजचं?"

"त्याचं नंतर वेगळं बघू ना."

"वेगळं कसं बघनार? गाडी फांदीनं चेपली, तर माझा माणूस पडला कुठं? मोरीत?"

दिलीपरावांचं हसू आटलं. "सेक्टरमधल्या सहा सोसायट्या माझ्या शब्दावर तुम्हाला काम देतात. बघा बुवा."

बाबासोंनी बघितलं. सहा सोसायट्या म्हणजे वर्षातले सात महिने. आणि धर्मराजची जायबंदी कंबर, जिला क्लेमच्या या कागदाखेरीज दुसरा साक्षीदार नव्हता.

त्यांनी फॉर्म बॉनेटवरच ठेवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : फांदी पडली नाही. धर्मराज काम करताना पडला. गाडी हलवलेली नव्हती.

"हे शेवटचं कशाला?" दिलीपराव म्हणाले.

"खोटं हाय का?" सही करून त्यांनी कागद आशुतोषकडे दिला. "आता तरी गाडी काढता का? फांदी उतरवायचीया."

"किल्ली वर आहे," दिलीपराव म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

बाबासोंनी दोराचा एक वेढा बुंध्यालाच राहू दिला, पाय रोवले आणि वीत वीत दोर सोडायला लागले. फांदी गाडीच्या आरशाला न शिवता त्याच्या शेजारून खाली आली. शेवटचा हातभर दोर त्यांनी बोटबोट सोडला. फांदी फरशीवर टेकली तेव्हा आवाज झाला नाही.