खबरदारीच्या सूचनांच्या जागी

मित्रांनो, मी हातात मावणारा, दोन पडद्यांचा जुना गेम कन्सोल. माझी कहाणी सांगताना मला आजही भीती वाटते. का, ते ऐका.

परदेशातल्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. ग्वाल्हेरला, थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलो, तेव्हा अवंतिका सातवीत होती. तिचे बाबा, बळवंतराव, ऑफिसातून आले की दोघं माझ्यावर आळीपाळीने मोटारींच्या शर्यती खेळत. बाबा दर वेळी हरत आणि मनापासून हसत. पुढे अवंतिका कॉलेजात गेली आणि मी कपाटात पडून राहिलो. माझी बॅटरी तिथेच खराब झाली. चार्जरची वायर काढली की मी जेमतेम दोन मिनिटं तग धरतो.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. डाव्या हाताची थरथरती बोटं मोबाइलच्या काचेवर ठरेनात. एका दुपारी ते पलंगावरून पडले. त्यांची बहीण शालिनीआत्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती. हाक मारता येईना, म्हणून बाबा तासभर फरशीवर तसेच पडून होते.

त्याच आठवड्यात अवंतिकाने मला बाहेर काढलं. माझी बटणं बाबांना दाबता येत होती. तिने एक ॲप तयार केलं: बटण दाबलं की तिच्या आवाजात एक शब्द मोठ्याने ऐकू येईल. पण बाहेरचं ॲप माझी यंत्रणा चालू देत नाही. माझ्यात कारखान्यातूनच आलेलं, ‘खबरदारीच्या सूचना’ दाखवणारं एक ॲप होतं. ते कधी कोणी उघडलं नव्हतं. त्याच्याच जागी ती आपलं ॲप बसवणार होती.

आत्याने विचारलं, हे बिघडलं तर?

“आत्या, बीच में बंद झाला ना, तो गया समझो,” अवंतिका म्हणाली. “म्हणून आधी पूर्ण कॉपी काढतेय.”

माझ्या आठवणींची प्रत लॅपटॉपवर गेली. मग काम सुरू झालं. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर आली आणि लाइट गेली. माझ्याजवळ दोनच मिनिटं होती. पट्टी हळूहळू सरकत होती. बाबांनी डावा हात माझ्यावर ठेवला. तो हात माझ्याहून जास्त घाबरलेला होता. पट्टी संपायच्या आत दोन्ही पडदे काळे झाले.

लाइट आली, पण मी सुरू होईना. अवंतिकाने मेमरी कार्डात ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामने मला कसंबसं जागं केलं, जुनी प्रत परत भरली, आणि शेजारी राहणाऱ्या स्मृतीच्या घरी नेऊन, तिच्या इन्व्हर्टरवर मला लावून पुन्हा सगळं केलं. या वेळी पट्टी पूर्ण झाली.

दुसऱ्या दिवशी दोघी स्वयंपाकघरात असताना बाबांनी बटण दाबलं. “या!” मी ओरडलो. दोघी धावत आल्या. बाबा ठीक होते. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा दाबलं. दोघी पुन्हा आल्या. तिसऱ्यांदाही आल्या. मग मात्र बाबा शांत झोपले.

मित्रांनो, आत्या झाडू मारताना वायर हलली तरी मी आजही दचकतो. जुन्या यंत्रात काही बदल करायचा असेल, तर आधी त्याची प्रत काढून ठेवा. आणि बाबांच्या उशाशी आलात, तर माझी वायर काढून तिथे आपला मोबाइल लावू नका.