अटी माझ्या पोटात होत्या

मी वॉशिंग मशीन बोलतोय. मधेच थांबलो तर समजून घ्या. पिळणी सुरू झाली की मला माझाही आवाज ऐकू येत नाही. पण आज बोलायचंच आहे. इतके दिवस नुसता गरागरा फिरलो, आता तोंड उघडतो.

माझं वजन बहात्तर किलो. लोकांना वाटतं, सगळं लोखंडच असेल. तसं नाही. माझ्या आत सिमेंटचे दोन ठोकळे बसवलेत. ते नसते तर पिळताना मी घरभर नाचलो असतो. म्हणजे मी जड आहे ते माझ्या हौसेनं नाही. एका जागी उभं राहावं म्हणून मला मुद्दाम जड केलंय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे याच जडपणाचे पैसे एका घराकडून तीन वेगवेगळ्या नावांनी घेतले गेले.

कारखान्यातल्या शेवटच्या टेबलावर माझ्या पाठीतून चार लांब बोल्ट आत घातले आणि माझा ड्रम आवळून टाकला. प्रवासात आतलं काही आपटू नये म्हणून. मग एका पाकिटात कागद भरले, पाकीट चिकटवलं, ड्रममध्ये ठेवलं, दार लावलं आणि दारावर सील मारलं. वरून थर्माकोल, पुठ्ठा, पट्ट्या. पुठ्ठ्यावर बरोबर माझ्या छातीवर ठळक अक्षरं होती: मोफत घरपोच. मी कोवळा होतो. मला त्या अक्षरांचा अभिमान वाटायचा.

दुकानात माझ्यासारखाच एक भाऊ दाखवायला उघडा ठेवला होता आणि मी त्याच्या मागे खोक्यात होतो. येणारं प्रत्येक माणूस त्याच्या डोक्यावर टिचकी मारून बघायचं. त्यातून कुणाला काय कळायचं, देव जाणे.

एके दिवशी एक नवराबायको आले. बाईंच्या उजव्या मनगटाला पट्टा होता. त्यांना सगळे ताई म्हणतात, मीही तेच म्हणेन. ताई एका छापखान्यात बाइंडर. छापून आलेले कागद घडी घालायचे, सुईदोऱ्यानं शिवायचे, खळ लावायची, दाबाखाली ठेवायचे. वीस वर्षं त्या हातानं पुस्तकं उभी केलीत. घरी सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळलेल्या. रोज सकाळी दोन चादरी, अभ्रे, गाऊन, सगळं हातानं धुऊन, पिळून, मग कामावर. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं: तीन आठवडे पिळणं पूर्ण बंद, नाहीतर अंगठ्याची पकड जाईल आणि मग बांधणीही बंद. एवढ्यासाठी ते मला घ्यायला आले होते.

नवरा त्याच छापखान्यात मुद्रितं तपासतो. त्याला तिथे सगळे लालशाई म्हणतात. खरं तर आदरानं बोलायला हवं, पण पुढच्या नऊ दिवसांनंतर मला ते जमत नाही.

विक्रेत्यानं फॉर्म पुढे केला. लालशाईनं सवयीनं खिशातलं लाल पेन काढलं आणि वरपासून खालपर्यंत फॉर्म वाचला. स्वल्पविराम जागच्या जागी, ओळी सरळ, एकही चूक नाही. तो खूश झाला. पेन परत खिशात ठेवून ताईंना म्हणाला, "इतकं नीट छापणारी माणसं फसवणार नाहीत गं."

शेवटची ओळ होती: मालासोबतच्या सर्व अटी मी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत. ताईंनी विचारलं, अटी कुठायत? विक्रेता म्हणाला, मालासोबत येतात ना. आणि लालशाईनं सही केली. छापखान्यात हा माणूस मूळ हस्तलिखित शेजारी ठेवल्याशिवाय एक पान पुढे जाऊ देत नाही. वरून फोन आला तरी नाही. इथे मूळ कागद त्याच्यापासून दोन हातांवर, माझ्या पोटात होता, आणि त्यानं निव्वळ शुद्ध छपाईला भुलून पान मंजूर केलं. मी काय करणार? माझा ड्रम चार बोल्टांनी आवळलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला टेम्पोतून आणलं. हमाल दोघं. एक साठीला टेकलेले, अंगानं काडी. त्यांना दुसरा काटकुळे काका म्हणत होता. दुसरा त्यांचाच मेव्हणा. त्यांनी मला इमारतीच्या दारात, जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी ठेवलं, माझा फोटो काढला आणि मोबाइल लालशाईपुढे धरला. पोचलं, सही करा.

लालशाई हसला. घर तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणाला.

मग एकेक निघायला लागलं. घरपोच म्हणजे घराच्या इमारतीपर्यंत पोच. वर न्यायचं तर मजल्याप्रमाणे आकार. साठ किलोच्या वर वजन, म्हणून दुसऱ्या माणसाचा आकार. तो दुसरा माणूस आधीपासून तिथे उभा राहून कान खाजवत होता तरी. जिन्याला वळणं आहेत, म्हणून वळणाचा आकार वेगळा. सगळं मिळून माझ्या किमतीचा सहावा हिस्सा. परत पाठवायचं तर त्याहून जास्त.

"हे कुठे लिहिलंय?" लालशाईनं विचारलं.

"अटींमध्ये, साहेब."

"दाखवा अटी."

"त्या आत आहेत. ड्रममध्ये."

"मग उघडा खोकं."

"खोकं उघडलं की माल परत घेत नाहीत," काटकुळे काका म्हणाले. "हेही आतच लिहिलंय."

वरच्या कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. छातीवर मोफत आणि पोटात आकारच आकार. मला कुणी विचारलं होतं का?

लालशाई काकांवर घसरला. म्हाताऱ्या माणसानं असे पैसे उकळायचे, लाज नाही वाटत, वगैरे बरंच बोलला. खांद्यावरच्या गोणपाटाची घडी काकांनी पुन्हा नीट घातली.

"साहेब, यातला छदाम आम्हाला मिळत नाही. आम्हाला फेरीमागं मिळतं. मजला एक असो की सात."

"मग विचारत का नाही तुम्ही?"

"विचारलं ना एकानं. तो आता भाजी विकतो," मेव्हणा म्हणाला.

तुम्हालाच हातात पैसे देतो, वर घ्या, असं लालशाईनं हळूच सुचवून पाहिलं. मेव्हण्यानं मोबाइल दाखवला: पैसे कंपनीकडे जमा होऊन पडदा हिरवा झाल्याशिवाय उचललं तर दोघांचं काम जाईल. शेवटी ताई खाली आल्या, पैसे भरले, पडदा हिरवा झाला.

माझ्याखाली पट्टा घालून त्यांनी मला उचललं. काकांचा श्वास माझ्या पुठ्ठ्याला लागत होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुम्ही वजन घेताय की नुसता हात लावलाय?" आणि काका त्याही दमात म्हणाले, "तुझ्या बहिणीला विचार, संसाराचं वजन कोण घेतंय." वर पोचल्यावर ताईंनी दोघांना पाणी दिलं. ज्याच्यासाठी तीन नावांनी पैसे गेले, तो माणूस भिंतीला टेकून घटाघटा पाणी पीत होता आणि त्याच्या वाट्याला तेवढं पाणीच आलं.

निघताना काकांनी शेवटचं सांगितलं. माझ्या पाठीतले चार बोल्ट काढल्याशिवाय मला चालवायचं नाही. आणि ते काढायला कंपनीचाच माणूस, त्याचाही आकार. बाहेरच्या कुणी हात लावला तर हमी रद्द.

लालशाईच्या कपाळावरची शीर उडाली. "आता एक पैसा देणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

इथून ते नऊ दिवस सुरू झाले.

मी मोरीत, नळापासून हातभर अंतरावर उभा; खोकं काढलेलं, पण बोल्ट आणि दारावरचं सील तसंच, कारण सील फोडलं तर तक्रार कोण ऐकणार, असं लालशाईचं म्हणणं. लालशाई रोज फोन लावायचा. पलीकडून गाणं वाजायचं, मग कुणीतरी त्याचं नाव विचारायचं, मग पुन्हा गाणं. मग त्यानं पत्रं लिहायला घेतली. पहिल्या पत्राचे चार खर्डे झाले. प्रत्येक खर्डा तो मोरीच्या दारात उभा राहून ताईंना वाचून दाखवायचा. भाषा सुरेख होती, मी नाही म्हणत नाही.

आणि ताई ऐकता ऐकता चादर पिळत असायच्या. चादरीचं एक टोक नळाला गुंडाळायचं, दुसरं डाव्या हातात धरून पीळ द्यायचा, उजव्या कोपरानं दाबायचं. तेवढ्यानं भागायचं नाही. मग पट्टा सोडून उजवा हात लावायच्या आणि दात आवळायच्या. पाणी माझ्या डोक्यावर ठिबकायचं. जे काम करायला मी जन्मलो ते माझ्या डोळ्यांदेखत ती बाई दुखऱ्या हातानं करत होती आणि मी फ्लॉवरपॉटसारखा उभा. कंपनीचा राग होताच, पण खरं सांगतो, लालशाईचा त्याहून जास्त आला. तत्त्व त्याचं होतं आणि मनगट तिचं.

नवव्या दिवशी सासूबाईंनी मुलाला हाक मारली. त्यांची खाट मोरीच्या भिंतीला लागूनच आहे. नऊ दिवस त्या दोन्ही आवाज ऐकत होत्या, वाचण्याचा आणि पिळण्याचा.

"आजपासून मला चादर घालू नकोस," त्या म्हणाल्या.

"मग कशावर झोपणार, आई?"

"तुझ्या पत्रांवर. गादीभर झालीत आता."

इकडे ताईंनी ओली चादर बादलीत टाकली, आतून पाना आणला, त्यांच्या बांधणीच्या दाबाचा स्क्रू आवळायचा तो, आणि माझ्या पाठीमागे जमिनीवर बसल्या. लालशाई धावत आला. म्हणाला, अगं, हमी जाईल.

"हमी मशीनची आहे," ताई म्हणाल्या. "माझ्या हाताची दिलीय का कुणी?"

त्यांनी डाव्या हातानं पाना लावला. फिरेना. उजवा लावायला गेल्या तर बोटांतून पाना निसटून फरशीवर पडला. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला, पुन्हा पडला. ते लालशाईनं पाहिलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पाहिलं असावं. तो गुडघ्यावर बसला आणि पाना उचलला.

"उलटा फिरवताय," ताई म्हणाल्या.

एक, दोन, तीन, चार. माझा ड्रम सुटला. तुम्हाला कधी खूप वेळ आवळून ठेवलं असेल तर कळेल ते. मग त्यांनी दारावरचं सील फोडलं आणि पाकीट बाहेर पडलं. चार पानं, मुंगीएवढी अक्षरं. लालशाई ओल्या फरशीवर मांडी घालून बसला, लाल पेन काढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. जिना होता, वळण होतं, दुसरा माणूस होता, बोल्ट होते.

"एकही चूक नाही," तो म्हणाला. इतका पडलेला आवाज मी त्याच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता.

त्याच दिवशी मी पहिल्या चादरी धुतल्या. कुठलाही मेकॅनिक आला नाही आणि माझं काहीही बिघडलं नाही.

ताईंचा अंगठा मात्र पुरता बरा झाला नाही. डॉक्टर म्हणाले, ते तीन आठवडे महत्त्वाचे होते. आता त्या बारीक पुस्तकं शिवतात. जाड पुस्तक आलं की सुई दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाते आणि त्या शेजारी बसून सांगतात, टाका जरा आवळून घे. जिन्याचे पैसे, वळणाचे पैसे, सगळं लिहिलं होतं त्या चार पानांत. अंगठ्याचं कुठे लिहिलं नव्हतं.

परवा जिन्यात ओळखीचा श्वास ऐकू आला. मोरीची खिडकी जिन्याकडे उघडते. काटकुळे काका आणि मेव्हणा, दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंचा फ्रिज घेऊन आले होते. खाली तेच बोलणं सुरू झालं. लालशाई चपला न घालताच खाली धावला.

"बाई, सही करू नका. आधी अटी, मग सही. अटी खोक्यात आहेत."

मेव्हणा म्हणाला, मोबाइलवर दोनच बटणं आहेत, स्वीकारला आणि नाकारला. थांबायचं बटण नाही.

"मला हल्ली कमी ऐकू येतं," काका म्हणाले. "मी दहा मिनिटं बसतो पायरीवर. चढून दमलो म्हणेन."

"दाजी, अजून चढलो कुठं आपण?"

"तू गप रे."

शिक्षिकाबाईंनी दुकानाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सांगितलं, अटींची सगळी पानं मोठ्यानं वाचा, मी उभी आहे. त्या माणसाला वाचावं लागलं. मजल्यामजल्यावरची दारं उघडली, माणसं कठड्याशी येऊन ऐकू लागली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्याचा घसा बसला आणि तो म्हणाला, जाऊ द्या बाई, तुमचं जिन्याचं माफ.

माफ! म्हणजे त्या पैशांवाचून त्यांचं काहीच अडत नव्हतं. ओरडणाऱ्याला माफ आणि मुकाट्यानं भरणाऱ्याकडून वसूल, हा कुठला न्याय? फ्रिज फुकट वर गेला. काकांच्या हाती त्या दिवशीही पाण्याचा तांब्याच आला. लालशाई आता त्यावर लिहितोय. पण यावेळी पत्र संध्याकाळी लिहितो, चादरी वाळत घातल्यावर.

विकणाऱ्यांनो, मी मशीन आहे, मला शरम असायचं कारण नाही, तरी आली. जे पोटात घालता ते छातीवर छापा. तिसऱ्या मजल्याला पैसे लागतात तर लागतात म्हणा, आणि जो खांदा देतो त्याच्या हातात ते पडू द्या. आणि घेणाऱ्यांनो, अटी कुठायत असं घरातलं कुणी विचारलं, तर उत्तर मिळेपर्यंत पेन खिशातच ठेवा.

आता थांबतो. लालशाईनं माझं दार उघडलंय. दोन चादरी, एक गाऊन. ते चार बोल्ट त्याच्या टेबलावर, लाल पेनांच्या पेल्यात असतात. ताई दारात उभ्या आहेत, उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरून. तो विचारतोय, साबण किती घालू.

"पुड्यावर लिहिलंय," ताई म्हणतात.

तो पुडा हातात घेतो, उलटा करतो आणि मागची बाजू आधी वाचतो.