प्रयागबाईने नवऱ्याचं नाव घेतलं

केसाहून बारीक आणि प्रयागबाईएवढीच म्हातारी, अशी मी एक रक्तवाहिनी आहे, मित्रांनो. विदर्भातल्या रिठद गावच्या प्रयागबाईच्या मेंदूत माझं बिऱ्हाड. रक्त तर सगळ्याच शिरा वाहतात. मला अभिमान होता तो माझ्या भिंतीचा. तिच्यातल्या पेशी एकमेकींना अगदी खेटून उभ्या. मेंदूत साखर आणि प्राणवायू सोडायचे, रक्तातलं नको ते अडवून धरायचं, हे त्यांचं काम.

प्रयागबाईच्या आठवणीचं गावात कौतुक होतं. कोणत्या मडक्यात कोणतं बियाणं, हे ती न बघता सांगायची. लोक तिला वाखाणायचे आणि आत मी फुशारून जायची. माझं नाव कोणी घेतलं नाही, पण मी कधी कुरकुरले नाही.

मग वय झालं. माझ्या भिंतीत काहीतरी चिकट साचू लागलं, पेशींचे सांधे सुटले, आणि जे अडवायचं तेच मेंदूत झिरपू लागलं; प्रयागबाईची आठवण विरू लागली. या दुखण्याला अल्झायमर म्हणतात, हे १९५४ साली रिठदमध्ये कोणाला ठाऊक असणार?

एका संध्याकाळी मुलगा उकंडराव शेतातून आला. त्याला पाहून प्रयागबाई म्हणाली, "पुंजाजी, जेवाले बसा."

पुंजाजी म्हणजे तिचा वारलेला नवरा. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिच्या ओठांवर कधी आलं नव्हतं. 'उकंडचे बाबा', एवढंच ती म्हणायची.

"हे बोलनारी प्रयागबाई नाई," शेजारची गोमतीबाई कुजबुजली. "आंगात दुसरंच कोनी शिरलं."

उकंडराव घाबरला. त्याने भूत उतरवणाऱ्या भगताला आणलं. भगताने घमेल्यातल्या निखाऱ्यांवर लाल मिरच्या टाकल्या आणि घमेलं तिच्या तोंडाशी धरलं. "सांग, तू कोन हायेस?"

तिचा श्वास कोंडला. काळीज धडधडू लागलं आणि रक्त माझ्या झिजलेल्या भिंतीवर आदळू लागलं. माझ्या शेजारची रक्तवाहिनी, माझी बहीणच, फुटली. अजून चारचौघी फुटलो असतो, तर बाई जागच्या जागी गेली असती. मला ते कळत होतं आणि ओरडायला तोंड नव्हतं. मी फार भ्याले, मित्रांनो.

खोकता खोकता प्रयागबाईने उकंडरावाकडे पाहिलं. "पुंजाजी, तुमाले धूर लागते, दूर सरा," ती म्हणाली, आणि तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

दारात उभ्या सुनेने, रंगूबाईने, ते पाहिलं.

"थांबा," ती भगताला म्हणाली. "भूत कोनाले लाजते काय? त्यायनं पदर कायले घेतला मंग? ह्या आमच्या आत्याबाईच हायेत." आणि तिने पाण्याची घागर घमेल्यावर उपडी केली.

"भगतासमोर बोलतं तू?" उकंडराव ओरडला. मग त्याची नजर मायच्या हाताकडे गेली. हात अजून पदर घट्ट धरून होता. त्याने मायला उचललं आणि अंगणातल्या मोकळ्या हवेत नेलं. रक्ताचा जोर हळूहळू ओसरला.

माझी भिंत पुन्हा सांधली नाही. पुढे प्रयागबाई रंगूबाईलाही ओळखेनाशी झाली. मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस भलतंच नाव घेऊ लागलं, तर त्याला धूर देऊ नका. आत तेच माणूस असतं, आमच्यासारख्या फुटक्या भिंतींआड भेदरलेलं.

"पुंजाजी जेवले का वं?" प्रयागबाई रोज विचारायची.

"जेवले, आत्याबाई. तुमी बसा आता," रंगूबाई म्हणायची, आणि तिच्यापुढे ताट ठेवायची.