सात किलो आणि तीन 'नको'

मी एक जुना, काळा, दगडी चोबेक आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला मिक्सरचा पूर्वज वगैरे म्हणायचं नाही. मिक्सरची माझ्या शेजारी बसायचीही लायकी नाही, आणि ते या गोष्टीत सिद्ध होणारच आहे.

तुमच्या पाट्याला मधोमध खळगा पडून तो गोल झाला तर कसा दिसेल, तसा मी दिसतो. थाळीएवढा, खोलगट, वजनाने सात किलो. माझा बत्ता मुठीत मावतो आणि मानेत जरा वाकलेला आहे. त्याने आपटायचं नसतं, आडवा धरून रगडायचं असतं. एवढी साधी गोष्ट, पण किती जणांना ती कळत नाही हे मी चाळीस वर्षं बघतोय.

मी जावा बेटावरच्या मेरापी डोंगराचा दगड. ज्वालामुखीच्या पोटातून आलेला, म्हणजे खानदानी. मुंतिलानच्या तुकिजो पाथरवटाने नऊ दिवस मला छिन्नीने कोरलं आणि दहाव्या दिवशी लांबून बघून 'बरा झालाय' एवढंच म्हणाला. बरा! बाजूला त्याने केलेले सिमेंटचे सिंह होते, त्यांची मात्र येणाऱ्याजाणाऱ्यासमोर आरती ओवाळत होता.

तिथून मी क्लातेनला आलो, थोरल्या सासूबाईंच्या घरी. त्यांनी पहिला आठवडा माझ्यात नुसते तांदूळ आणि मीठ वाटून माझी कच काढली. त्यांच्या घरात नवी सून आली, तिचं नाव वार्सिनी. थोरल्या सासूबाई ओसरीवर बसून नुसत्या कानांनी तिची परीक्षा घ्यायच्या. आतून एकसारखा घर्रर्र-घर्रर्र आवाज आला की मान डोलवायच्या. टक्-टक् आवाज आला की तिथूनच ओरडायच्या, "आत सुतार बोलावलाय का गं?"

वार्सिनी रडली, पण शिकली. मग एक दिवस थोरल्या सासूबाई म्हणाल्या, "हा चोबेक आता तुझा."

वार्सिनी म्हणाली, "नको."

"घे गं."

"नको, तुमचाच शोभतो."

"घे म्हणते ना!"

"नको, मी कोण एवढी?"

मग चौथ्यांदा त्यांनी मला उचलून तिच्या मांडीवरच ठेवलं. मित्रांनो, आमच्या जावा बेटावर हीच रीत आहे. पाहुण्याने किंवा सुनेने एखाद्या वस्तूचं कौतुक केलं की 'घेऊन जा' म्हणायचं. समोरच्याने तीनदा 'नको' म्हणायचं. मनापासून द्यायचं असेल तर देणारा चौथ्यांदा आग्रह करतो, नसेल तर तिथेच विषय संपतो आणि दोघंही चहा पितात. लहान पोरालाही कळतं.

पुढे वार्सिनी सगळ्यांची 'बू वार्सिनी' झाली, आणि तिच्या मुलांची 'इबू', म्हणजे आई. तिने घरासमोर पेचेलची टपरी टाकली. पेचेल म्हणजे उकडलेल्या पालेभाज्यांवर माझी चटणी. भाज्या काय, कुठेही मिळतात. शेंगदाणे, मिरच्या, लसूण, चिंच, माडाचा गूळ आणि कापूरकचरीचा तुकडा, हे माझ्या पोटात रगडलं जातं तेव्हा सायकलवाले ब्रेक दाबतात. रोज पहिलं पान पाक सुगिमान यांचं, म्हणजे सुगिमानकाकांचं. निवृत्त बस ड्रायव्हर, तोंड अजून हॉर्नसारखं.

आणि मग नॉर्वेहून सूनबाई आल्या.

इबूचा मोठा मुलगा सेतो तिकडे बोटी दुरुस्त करतो. त्याच्या बायकोचं नाव इंगुन. लग्नानंतर चार वर्षांनी पहिल्यांदा सासरी आली, तीन आठवड्यांसाठी. उंची दाराएवढी. कपाळ दाराच्या चौकटीला रोज आपटायचं आणि रोज नव्याने नवल वाटायचं. सेतोने येताना विमानात तिला एकच शब्द शिकवला होता.

"इबू काहीही म्हणाली ना, मान खाली घालून 'इंग्गिह' म्हण. म्हणजे 'हो जी'. बाकी काही लागत नाही."

वा रे शिक्षक! स्वतः पंख्याखाली पाय पसरून फोन बघत बसला आणि ती बिचारी सगळ्याला इंग्गिह. अजून भात? इंग्गिह. तिखट जास्त झालं का? इंग्गिह. तू चिडलीस का? इंग्गिह. शेजारणी तिला 'इंग्गिह-इंगुन' म्हणू लागल्या. तिला ते लाडाचं नाव वाटलं.

तिने इबूसाठी मिक्सर आणला होता. पाच वेगांचा, पांढराशुभ्र, बटणं लुकलुकणारा. नुसता आवाज, आत सगळं पोकळ. इबूने त्याच्यावर विणलेला रुमाल घालून त्याला कपाटावर बसवलं. तिथेच तो बरा होता.

शेवटच्या आठवड्यात इंगुनबाईंना चटणी वाटायची हौस आली. माझ्यासमोर बसल्या आणि बत्ता उभा धरून टक्! टक्! टक्! एक मिरची उडून थेट सेतोच्या चष्म्यावर. थोरल्या सासूबाई असत्या तर सुताराचं नाव काढून उठून गेल्या असत्या. वर हिने मला धुतलं ते साबणाने. लिंबाच्या वासाच्या साबणाने! मित्रांनो, मी दगड आहे, मला बारीक छिद्रं आहेत, मी साबण पितो. दुसऱ्या दिवशी पाक सुगिमान पहिला घास खाऊन म्हणाले, "वार्सिनी, आज भाज्यांना अंघोळ घातलीस का?"

पण खरी गंमत पुढेच. शुक्रवारी दुपारी त्यांचं विमान होतं. बुधवारी सकाळी इंगुन माझ्याजवळ उकिडवी बसली, माझ्या कडेवरून बोट फिरवलं आणि शिकून ठेवलेलं वाक्य म्हणाली, "इबू, खूप सुंदर."

सुंदर! चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं. मी जरा फुललो, खोटं कशाला बोलू?

इबूच्या तोंडून सवयीने निघालं, "आवडला? मग घेऊन जा की, बाळ."

आता इबू पहिल्या 'नको'ची वाट बघत हसत होती. इंगुनने मान खाली घातली.

"इंग्गिह, इबू."

इबूचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. टपरीवर भाज्या निवडणारी किनासिह, म्हणजे सेतोची पंधरा वर्षांची बहीण, हातातली चवळीची शेंग तशीच धरून बघत राहिली. इंगुनने मला दोन्ही हातांनी उचललं, मोठ्या आदराने आत नेलं आणि आपल्या लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत घातलं. स्वेटर! मी ज्वालामुखीतून आलेला, मला थंडी वाजेल म्हणून?

"इबू, तिला सांग ना की ते नुसतं म्हणायचं असतं," किनासिह कुजबुजली.

"गप. दिलेली वस्तू परत मागतात का कधी? काय म्हणेल ती? सासू कंजूष आहे म्हणेल."

"आणि टपरी?"

"मिक्सर आहे ना."

'मिक्सर आहे ना' म्हणताना तिचा आवाज कसा झाला होता ते मी स्वेटरमधूनही ऐकलं. मला तिचा राग आला. तोंडावर येईल ते गोड बोलायचं आणि मग कोपऱ्यात जाऊन ओठ चावायचे. ह्याला म्हणे संस्कार!

गुरुवारी सकाळी रुमाल निघाला. कपाटावरचे साहेब खाली उतरले. घ्यूंऽऽ करून शेजारची कोंबडी उडवली आणि अर्ध्या मिनिटात चटणी तयार. मऊ, गुळगुळीत, एका रंगाची. पाक सुगिमान यांनी घास घेतला. थांबले. जीभ फिरवली.

"वार्सिनी, दात पडलेल्यांसाठी वेगळी केलीस होय? मला अजून अकरा आहेत."

"उद्यापासून सवय होईल," इबू म्हणाली.

"कुणाला? तुला का मला?" त्यांनी अर्धं पान तसंच ठेवलं. टपरी सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. इबूने ते पान उचललं आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिली. मागे दोन सायकलवाले आले, वास घेतला आणि ब्रेक न दाबता पुढे गेले.

मी बॅगेत पडून विचार करत होतो. जाऊ दे. नॉर्वे तर नॉर्वे. तिथे मला कपाटात काचेमागे ठेवतील, लोक बघायला येतील, 'सुंदर' म्हणतील. इथे काय, रोज मिरच्या आणि पाक सुगिमानचे टोमणे. कुणाला माझी किंमत आहे? जरा अद्दल घडू दे सगळ्यांना.

माझा हा थाट एक दिवससुद्धा टिकला नाही.

शुक्रवारी सकाळी इंगुन बॅग वजनकाट्यावर ठेवायची आणि उतरवायची. ठेवायची आणि उतरवायची. वजन जास्त भरत होतं. मग ती एकेक वस्तू बाहेर काढू लागली. बूट गेले. कॉफी गेली. शेवटी तिने केळीच्या पानातल्या सहा वड्या काढल्या. इबूने गेल्या आठवड्यात इंगुनच्या वडिलांसाठी वाटून वाळवलेली पेचेलची चटणी, माझ्याच पोटात वाटलेली. त्या तिने पलंगावर ओळीने मांडल्या आणि शेजारी बसून मुसमुसायला लागली.

किनासिह चहा घेऊन आली ती दारातच थांबली. तिचं शाळेतलं इंग्रजी तीन आठवड्यांत चांगलंच मोकळं झालं होतं.

"वहिनी, हे काय? दगड घेऊन चाललीस आणि चटणी ठेवून चाललीस?"

"मग काय करू?" इंगुन नाक पुसत म्हणाली. "मला नकोच होता गं तो. सात किलो आहे! आमच्या घरी मी काय वाटणार त्यात? पण इबूंनी एवढ्या प्रेमाने दिला. सेतो म्हणाला, इबूला कधीच नाही म्हणायचं नाही."

नकोच होता! मित्रांनो, हे मी लोकरीतून ऐकलं. काचेचं कपाट, बघायला येणारे लोक, सगळं एका क्षणात गेलं. सात किलो. बस, एवढीच माझी ओळख.

किनासिह मात्र पोट धरून हसत होती. "अगं, इबूला पण द्यायचा नव्हता! काल तिने पाक सुगिमानचं उष्टं पान हातात धरून डोळे पुसले. तू तीनदा नको म्हणायचं असतं, वहिनी!"

"तीनदा? मला कुणी सांगितलंच नाही! सेतो!"

सेतो बाहेरून म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही, दादा. तू फोन बघ," किनासिह म्हणाली. एवढ्या दिवसांत त्या घरात बोललेलं सर्वांत शहाणं वाक्य.

"आत्ता परत देते," म्हणत इंगुन उठली.

"वेडी आहेस? परत दिलास तर इबूला वाटेल तिची भेट तुला आवडली नाही. मरेल ती लाजेने. थांब. तुला एक शब्द शिकवते. तितिप. माझी वस्तू आहे, पण तुमच्याकडे राहू दे, सांभाळा, असं. आणि लक्षात ठेव, इबू नको म्हणणार. तू तीनदा म्हणायचं. मधेच इंग्गिह म्हणालीस तर संपलं सगळं."

गाडी दारात आली. ड्रायव्हरने बॅगा चढवल्या. इबू टपरीपाशी हात पदराला पुसत उभी होती. मिक्सर बाजूला, रुमालाविना. पाक सुगिमान पान न मागता नुसतेच बसले होते. इंगुनने मला छातीशी धरून आणलं, चौकटीला कपाळ आपटलं, आणि इबूसमोर वाकली.

"इबू, माझा चोबेक. तुमच्याकडे तितिप."

इबूचे दोन्ही हात पुढे आले. मी पाहिलं, अगदी पुढे आले. आणि तोंड काय म्हणालं?

"छे छे, नको! तुझा आहे, घेऊन जा."

काय म्हणावं या बाईला! माझा दगडाचा जीव खालीवर झाला.

"इबू, तितिप," इंगुन म्हणाली. मला आणखी वर उचलून धरलं. सात किलो काही कमी नव्हेत.

"नको गं, तिकडे तुला लागेल."

इंगुनचं डोकं आपोआप खाली जायला लागलं. ओठ उघडले. "इं..." किनासिहने तिच्या पायावर पाय दिला, असा की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इबूला वाटलं, सून निरोपाने रडतेय.

"तितिप, इबू," इंगुन कळवळून म्हणाली, आणि पुढे किनासिहने पाठ करून घेतलेलं, "मी परत येईन. तेव्हा मला शिकवा. टक्-टक् नाही. घर्रर्र."

इबूने तिसरा 'नको' म्हटलाच नाही. तिने मला ओढूनच घेतलं. "परत येशील तोवर मी सांभाळीन," ती म्हणाली, आणि मग धावत आत जाऊन त्या सहा वड्या आणून सुनेच्या ओंजळीत टाकल्या.

पाक सुगिमान म्हणाले, "आता कुणी मला खायला देणार का? अकरा दात वाट बघतायत."

तर मित्रांनो, वस्तू सांभाळायची तर ती वापरा. मला साबण लावू नका, गरम पाणी आणि काथ्या पुरे. सुंदर म्हटलं नाही तरी चालेल, रोज रगडा. आणि तुमच्या घरी लांबून कुणी आलं, तर त्याला नुसतं 'हो' म्हणायला शिकवून पंख्याखाली जाऊन बसू नका. 'नको' कसं म्हणायचं तेही शिकवा.

इंगुन दर रविवारी फोनवर विचारते, "माझा चोबेक कसा आहे?" इबू मला फोनसमोर धरते. त्यात मी जाड दिसतो, त्याला माझा इलाज नाही. मिक्सर परत कपाटावर गेलाय, रुमालाखाली.

आणि इबू? परवा बाजारातली एक ओळखीची बाई माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, "वार्सिनी, काय सुरेख चोबेक आहे गं!" किनासिहने श्वास रोखला. मीही. चाळीस वर्षांची सवय इबूच्या ओठांपर्यंत आली होती.

"आहे ना?" इबू म्हणाली. "पण माझा नाही. सुनेचा आहे." आणि तिने मला आपल्या बाजूला सरकवून घेतलं.

मग त्या दोघी चहा प्यायल्या.