शेठचा संसार

"ते द्राक्ष घेऊ नका अक्का," डॉक्टर म्हणाले. "हात मागे घ्या."

अक्काने हात मागे घेतला नाही. जाळीपलीकडे शेठ मान तिरकी करून बसला होता. शेठ म्हणजे प्राणिसंग्रहालयातला धनेश. चोचीवरचा पिवळा टोप आणि फांदीवरून सरकतानाचा रुबाब बघून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. त्याने चोचीच्या टोकात एक द्राक्ष धरलं होतं. वीतभर चोच, पण द्राक्षावर साधा ओरखडा नव्हता.

"नर मादीलाच असं भरवतो," डॉक्टर म्हणाले. "तो तुम्हाला बायको समजतो."

मागे उभा असलेला, सापांचे पिंजरे सांभाळणारा सापवाला खुदकन हसला.

"समजू दे की," अक्का म्हणाली. "माझं काय बिघडतंय?"

"तिचं बिघडतंय." डॉक्टरांनी वरच्या फांदीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून नुकतीच आणलेली मादी तिथे अंग आक्रसून बसली होती. "तुम्ही समोर आहात तोवर तो तिच्याकडे ढुंकून बघायचा नाही. उद्यापासून हा पिंजरा सापवाले बघतील. तुम्ही बदकांच्या तळ्यावर."

अक्काने द्राक्ष घेतलं, तोंडात टाकलं आणि निघून गेली.

शेठ आला तेव्हा त्याच्या अंगावर पीससुद्धा नव्हतं. कुणीतरी झाड पाडलं, त्याच्या ढोलीत हा सापडला. नुसतं कातडं आणि पोट. जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं. अक्काने त्याला फळं कुस्करून भरवली, रुमालात गुंडाळून पोटाशी धरून ऊब दिली. डोळे उघडले तेव्हा त्याने पहिलं काय पाहिलं असेल तर अक्काचं नाक. तेव्हापासून तो तिचा होता. आणि आता ही भवानी आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आली होती.

तळ्यावर अक्काचं लक्ष लागेना. बदकं शेपटीजवळचं तेल चोचीने पिसांना चोळत बसायची, ढोक एका पायावर ध्यान लावून उभा राहायचा. कुणाला तिची गरज नव्हती. सापवाला दाणापाणी आटोपून आला की ती त्याला गाठायची.

"खाल्लं का त्याने?"

"खाल्लं. मला चावला पण." सापवाल्याने अंगठा दाखवला. "एवढे साप हाताळले, रक्त काढलं या शेठने."

अक्काला बरं वाटलं. "तो ओळखतो माणसं," ती म्हणाली.

पण काही दिवसांनी सापवाला हसत हसत आला. "अक्का, आज त्याने तिला द्राक्ष दिलं. तिने आधी तोंड फिरवलं. हा पुन्हा गेला. मग घेतलं."

"कसली मेली ती," अक्का म्हणाली. "डोळे बघितलेस का? याचे कसे लालबुंद. हिचे पांढरेफटक, पिठात पडल्यासारखे."

"मादीचे असेच असतात, अक्का."

"असू देत. मला नाही आवडत."

पुढची बातमी आली ती मादीने स्वतःला कोंडून घेतल्याची. पिंजऱ्यात उंचावर टांगलेल्या पोकळ ओंडक्यात ती शिरली आणि आतून चिखल, विष्ठा लिंपून तिने ओंडक्याचं तोंड बुजवून टाकलं. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवली. आता शेठ दिवसभर फळं गळ्यात साठवून नेत होता आणि एकेक करून त्या फटीतून तिला भरवत होता.

"राबतोय बिचारा," सापवाला म्हणाला. "बघत राहावं असं आहे."

तू बघ, अक्का मनात म्हणाली. आयत्या बिळावर नागोबा. सापवाल्याला ते शोभूनही दिसत होतं.

घरी तिने भांडी आदळली, भाजी अळणी म्हणून ताट सरकवलं. भावाने पेपरातून डोकं वर काढलं नाही. आई गेल्यावर अक्कानेच त्याला लहानाचा मोठा केला होता आणि कधी गप्प बसायचं हे त्याला ठाऊक होतं. भावजय मात्र ताट घेऊन समोर बसली.

"वन्सं, मी या घरात नवीन आले तेव्हाही भाजी अळणीच असायची," ती म्हणाली. "मी मीठ दोनदा घालायचे, तरी."

"त्याचं इथे काय?"

"काही नाही. आठवलं आपलं." भावजयीने मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली. "घ्या, वरून घाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी सापवाला जेवायला गेल्यावर अक्का पिंजऱ्यापाशी गेली. नुसतं लांबून बघायचं, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. शेठ ओंडक्याला बिलगून बसला होता. मान झटकून तो गळ्यातून एक फळ वर काढायचा, फटीत द्यायचा. आतून चोचीचं टोक येऊन ते घेऊन जायचं. त्याचं अंग रोडावलं होतं. माझ्याजवळ असताना कसा गुबगुबीत होता, असं अक्काच्या मनात आलं आणि तिच्या तोंडून नेहमीची हाक गेली.

शेठने वळून बघितलं. मग पंखांचा तो मोठा घरघराट करत तो थेट जाळीवर आला. त्याने गळ्यातून द्राक्ष काढलं आणि जाळीतून पुढे केलं. अक्काने ते घेतलं. त्याने दुसरं काढलं. तेही घेतलं. तिच्या अंगावरून कुणीतरी मोरपीस फिरवल्यासारखं तिला झालं. विसरला नव्हता. ती बया काहीही करो, विसरला नव्हता.

मग ती रोजच जाऊ लागली.

"शेठचं काहीतरी बिनसलंय," एके दिवशी सापवाला तळ्यावर येऊन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "जाळीवर येऊन बसतो, वाट बघितल्यासारखा. आत आता पिल्लाचा आवाज येतोय आणि हा तिकडे फिरकत नाही. डॉक्टर म्हणतात, आजच ती चिखलाची भिंत फोडावी लागेल."

"मग फोडा. तिचं ती खाईल बाहेर येऊन."

"कशी खाईल? आत बसल्यावर तिची पंखांची पिसं गळतात, अक्का. सगळी. उडता येत नाही तिला. आणि भिंत फोडली तर घाबरून पिल्लू टाकायची. तो देईल याच भरवशावर बसतात त्या आत."

अक्का बदकांना दाणे टाकत राहिली. दुपारी मात्र ती गेली.

शेठ जाळीवरच होता. तिला बघताच त्याने द्राक्ष काढून धरलं. अक्काने त्याच्यावरून नजर उचलली आणि पहिल्यांदाच ओंडक्याकडे नीट बघितलं. फटीतून चोच बाहेर आली होती. ती उघडली, तशीच थोडा वेळ राहिली, मिटली. पुन्हा उघडली. आतून बारीक, चिरका आवाज येत होता. बघता बघता तो थांबला.

शेठने द्राक्ष आणखी पुढे केलं.

"जा," अक्का म्हणाली. "तिकडे जा."

तो गेला नाही. त्याने मान खाली करून डोक्यावरची पिसं फुलवली. ती खाजवून घ्यायची त्याची लहानपणापासूनची खोड होती. अक्काने हातातली पत्र्याची बादली उचलली आणि जाळीवर आपटली. तो दचकून मागे पडला. द्राक्ष खाली घरंगळलं. तिने पुन्हा आपटली, आणि पुन्हा, तो वरच्या कोपऱ्यात जाऊन अंग चोरून बसेपर्यंत. त्याच्याकडे न बघता ती तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"भिंत फोडू नका," ती म्हणाली. "मी जात होते त्याच्याकडे. आता जायची नाही. मला पार त्या टोकाला टाका, माझा आवाजसुद्धा त्याला ऐकू येणार नाही अशा ठिकाणी."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. ते रागवले नाहीत. "शहामृगांकडे कुणी जायला तयार नसतं," ते म्हणाले.

"मी जाते."

डॉक्टर संध्याकाळपर्यंत थांबले. अंधार पडायच्या आत शेठ ओंडक्यावर परतला, एवढं सापवाल्याने निरोप पाठवून कळवलं.

उन्हाळा सरता सरता पिल्लू बाहेर आलं. पेपरात फोटो छापून आला, गर्दी लोटली. शहामृगांच्या कुंपणापाशी एक बाई धापा टाकत आली. वाट चुकली होती.

"अहो, ते धनेशाचं पिल्लू कुठेशी आहे?"

"परत फाटकापर्यंत जा. तिथून डावीकडे, तळं ओलांडलं की समोरच," अक्का म्हणाली. "जाळीला हात लावू नका."

"तुम्ही रोजच बघत असाल. कसं आहे हो?"

अक्काने गवताचा भारा सोडला.

"चांगलं आहे म्हणतात."

बाई घाईने निघून गेली. एका शहामृगाने कुंपणावरून लांब मान काढून अक्काच्या एप्रनचं बटण चोचीत धरून ओढलं.

"बटण आहे ते," ती त्याला म्हणाली, आणि त्याच्यापुढे गवत पसरू लागली.