बुटकी पायरी

“कुणाची पायरी दुरुस्त झाली म्हणतेस?” लसूण सोलता सोलता आईने विचारलं.

“आपल्या जुन्या घरातली. शेवटची.”

“अगं, घर कधीच पाडलं की!”

लेक हसली. इमारतींचे आराखडे करणाऱ्या तिच्या ऑफिसात तिला सगळे जिनेवाली म्हणत. जिन्याचा आराखडा आपोआप काढणारा प्रोग्रॅम तिने लिहिला होता आणि इंटरनेटवर खुला ठेवला होता. कुणीही फुकट वापरावा, हवा तसा बदलावा. देशोदेशीचे इंजिनियर सुधारणा सुचवत, मंजुरी मात्र ही देई. शिकणाऱ्यांना नमुना म्हणून तिने आपल्याच घरातला जिना त्यात घातला होता, घर पाडण्याआधी टेपने मोजून घेतलेला.

तो जिना बाबांनी स्वतः बांधला होता. बाबा हाडाचे गवंडी, पण स्वतःच्या घरातच फसले. पायऱ्यांवर फरशी बसवत वर पोचले आणि फरशी संपली. वरची जमीन तशीच बिनफरशीची राहिली, त्यामुळे शेवटची पायरी फरशीच्या जाडीएवढी बुटकी झाली. उद्या आणतो, उद्या आणतो म्हणत बाबा गेले. आईने त्यावरून त्यांना जन्मभर टोमणे मारले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खालून ओरडून सांगितलं, “शेवटची बुटकी आहे हं, पाय सांभाळा!”

प्रोग्रॅम ती पायरी चूक म्हणून लाल दाखवी. कधीही न भेटलेल्या एका परदेशी इंजिनियरने आता ती इतरांएवढी करून पाठवली होती. नमुन्यात चूक कशाला, हे त्याचं म्हणणं रास्तच होतं. पण मंजूर केलं की बाबांची पायरी गेलीच. तिचा हात काही होईना.

तिने लॅपटॉप आईपुढे सरकवला. आई स्क्रीनवर बोटाने एकेक पायरी चढत गेली आणि वर पोचल्यावर थांबली.

“छान केलीय गं. पण हे आपलं घर नाही. आता मी बोलू कुणाला?”

लेकीने नकार कळवला आणि कारण म्हणून सगळी हकिगत लिहिली, आईच्या ओरडण्यासकट.

“कामाच्या ठिकाणी माझं काय सांगत बसलीस!” आई लटकं रागावली.

सकाळी उत्तर आलं. त्याने आपला बदल मागे घेतला होता आणि नमुन्याच्या वर एकच ओळ घालायची परवानगी मागितली होती. लेकीने ती आईला मराठीत करून वाचून दाखवली: “शेवटची पायरी बुटकी आहे, पाय सांभाळा.” हा प्रोग्रॅम जो कुणी शिकायला बसेल, त्याला आधी हेच दिसणार होतं. तिने लगेच मंजुरी दिली.

आई पोटभर हसली, मग पदराने डोळे पुसून बाबांच्या फोटोकडे वळली.

“बघा, जगभर झालं. आता तरी फरशी आणा.”